ओठांवरची पाटी

हॉलिवूड, ११ फेब्रुवारी १९२८

सिग्ने,

‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, म्हणून गाळलं. आईला तुला न विचारता मी इकडे आणलं, ती इथेच गेली आणि तुला तिच्या मातीलाही पोचता आलं नाही. त्यावर तू जे लिहिलंस ते माझ्यापाशी आहे. आज तो विषय काढत नाही. आज काम आहे.

एल्विरा मॉन्टेसची बातमी सू फॉल्सच्या पेपरात आली असेल तर छापखान्यात तिचे खिळे बहुधा तूच जुळवले असशील. गेल्या ऑक्टोबरात आमच्या कॉर्बेल स्टुडिओच्या चित्रीकरणात बुडालेली मुलगी ती. नायिकेच्या जागी धोक्याची कामं करायची. पाणचक्कीच्या खांबाला तिला बांधलं होतं. दोराची गाठ अशी, की तिने एक टोक ओढलं की सुटावी. ती सुटली नाही आणि पाणी आलं. पाण्याच्या दरवाजावर मॅट रुएदा नावाचा माणूस होता. इशारा नसताना त्याने दरवाजा उघडला, असा त्याच्यावर आरोप आहे, जूनमध्ये खटला उभा राहील. तो म्हणतो, दिग्दर्शकाने हात वर करून पांढरा रुमाल हलवला, तोच इशारा ठरला होता. दिग्दर्शक, पॅट डेव्हेनी, म्हणतो की रुमाल त्याच्या खिशातच होता. तिथे असलेल्या बाकी सगळ्यांची नजर म्हणे त्या वेळी दुसरीकडे होती.

सिनेमा तरीही पुरा झाला. पाणी येण्याच्या आधीचा एक तुकडा त्यात ठेवलाय. त्या दिवशी नायिका सर्दीने घरी होती आणि एल्विराची चण, केस सगळं तिच्यासारखं, म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याने एल्विराचाच चेहरा जवळून घेतला होता. ओले केस अर्ध्या तोंडावर आलेत, पण ओठ दिसतात. ती काहीतरी बोलते. मग पडद्यावर अक्षरांची पाटी येते, मग पुन्हा ती. पाटीवरचं वाक्य माझं आहे.

‘पाणचक्कीची मुलगी’ या महिनाअखेर तुमच्या गावात लागेल. जा आणि शेवटच्या भागात, पाटी येण्याआधी, ती काय बोलते ते लिहून कळव. पाटी यायच्या आत डोळे मीट. माझी पाटी काय आहे ते मुद्दाम सांगत नाही, म्हणजे तुझ्या वाचण्यावर तिची सावली पडणार नाही. मला ते ओठ नीट वाचता येत नाहीत. तुला आलं तर एका माणसाचा तुरुंग टळू शकतो.

हॅल्वरला नमस्कार. तुम्ही दोघं अजून शनिवारी सिनेमाला जाता का? प्रेमाच्या प्रसंगात सगळं थिएटर हुंदके देत असताना तुम्ही दोघंच ओठ वाचून हसत बसायचात, ते मला आठवतं. नायक नायिकेच्या कानाशी काय म्हणाला होता ते मी इथे जेवणाच्या टेबलावर अजून सांगते. ‘तुझ्या तोंडाला कांद्याचा वास मारतोय.’

रॅग्ना


हॉलिवूड, ९ मार्च १९२८

सिग्ने,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पत्र अर्ध्या पानाचं होतं, पण तेवढ्यात तू मला पुरतं उघडं पाडलंस.

तू लिहितेस: ‘ती म्हणते, पॅट, हात नको हलवू. गाठ सुटली नाही. मग मी डोळे उघडले आणि तुझी पाटी वाचली: माझा हात नको सोडू. आस सुटली नाही. रॅग्ना, पहिलं वाक्य वाचल्याशिवाय दुसरं लिहिताच येत नाही. लहानपणी आरशासमोर बसवून मी सराव कुणाबरोबर केला? मग मला का विचारतेस?’

दोन दिवस मी हे पत्र टेबलावर पालथं ठेवलं होतं. माझ्या डायरीत डिसेंबरच्या त्या आठवड्यात एवढंच आहे: ‘पाणचक्कीच्या पाट्या संपवल्या. खांबाजवळची चांगली बसली.’ चांगली बसली. मी शब्द तपासून लिहिणारी बाई आहे, पण हा तपासला नाही.

झालं ते असं. ट्विचेलने, म्हणजे आमच्या कथाविभागाच्या साहेबाने, मला तो तुकडा दिला आणि म्हणाला, “तोंड हलतंय, तर काहीतरी बोलू दे तिला. रडू येईल असं.” मी छोट्या यंत्रावर तुकडा मागेपुढे फिरवत बसले. ओठ कुठे मिटतात, कुठे उघडतात ते पाहायचं आणि तिथे बसेल असा शब्द शोधायचा, हे माझं काम. या गावात ते माझ्याइतकं कुणाला जमत नाही, कारण इतर कुणाची तू बहीण नव्हतीस. पाहता पाहता मला वाक्य दिसलं का? मी स्वतःला विचारलं आहे. उत्तर असं की काहीतरी दिसलं, त्याची मला भीती वाटली, आणि तेव्हाच त्याच्यावर बसेल असं दुसरं वाक्य सुचलं. ते सुचल्याचा आनंद इतका होता की भीती मागे पडली. याहून जास्त प्रामाणिक मला होता येत नाही. कदाचित यातही मी स्वतःला थोडं सोडलं असेल.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र फार वाईट आहे. ‘पॅट आणि मॅट माझ्यासाठी एकच. ओठ दोन्हीला सारखेच मिटतात. ती मॅटही म्हणाली असेल.’

मी आरशासमोर करून पाहिलं. हलवू आणि लावूसुद्धा जवळजवळ सारखेच दिसतात, ‘ह’ तर घशातच राहतो. म्हणजे एका वाचनात ती म्हणते: पॅट, हात नको हलवू. त्यात मॅट सुटतो. दुसऱ्या वाचनात म्हणते: मॅट, हात नको लावू. म्हणजे इशाऱ्याआधीच तो दरवाजाला हात घालत होता, त्यात तो अडकतो. पॅट कॅमेऱ्याशेजारी उभा होता, दरवाजा त्याच्याच मागे उंचावर. तिने वर कुणाकडे पाहिलं हे तिच्या डोळ्यांवरूनही ठरत नाही.

तू विचारलंस, पडद्यावर दिसतही नाही अशी साधी मुलगी दिग्दर्शकाला नावाने हाक मारेल का? इथे मारते. पॅटचा तो हट्टच आहे. खानावळीत झाडूवाल्याने त्याला एकदा ‘मिस्टर डेव्हेनी’ म्हटलं, तर हा खाऊन झालेल्या ताटलीवर चमचा वाजवत म्हणाला, “मिस्टर डेव्हेनी माझा बाप होता आणि तो दारू पिऊन मेला. मी पॅट.” सगळे हसले. मीही हसले. माणूस मोकळा आहे, असंच सगळ्यांना वाटतं. मलाही तो आवडत असे, हे लिहून ठेवते.

दरवाजावरच्या माणसाला सगळे मॅट म्हणतात. त्याचं खरं नाव मातेओ आहे, हे मला पेपरातून कळलं.

मी तुला का विचारलं, त्याचं उत्तर: मला वाटलं, तू मला न दिसलेलं काहीतरी सांगशील आणि मी सुटेन.

रॅग्ना


हॉलिवूड, २२ एप्रिल १९२८

सिग्ने,

या वेळी तू दोन पानं लिहिलीस. त्यातलं एक पान आईविषयी होतं. ते वाचलं, एवढंच म्हणते.

इथली हकिकत. मातेओच्या वकिलाला, ऑर्डवेला, मी भेटले. सरकारने नेमून दिलेला पोरगेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, एक नाव मला पक्कं करून द्या. पॅट की मॅट. मग मी उभा राहतो.”

म्हणून रविवारी मातेओच्या घरी गेले, नदीपलीकडे बॉइल हाइट्सला. त्याची बायको बेनिता दारात उभी राहिली. आत घेईना.

“स्टुडिओतून आलात?”

“हो. पण स्टुडिओने पाठवलं नाही.”

“मागचाही असंच म्हणाला होता. सही घेऊन गेला.”

“मला सही नको. एल्विरा तुमच्या नवऱ्याला काय हाक मारायची तेवढंच विचारायचंय. मॅट म्हणायची का?”

“मॅट कोण? या घरात मॅट कुणी नाही.”

मग तिने आत घेतलं. एल्विरा दोन घरं पलीकडे वाढलेली. तिला स्टुडिओत नेलं तेच मातेओने. ती त्याला तीओ म्हणायची, काका. बेनिता म्हणाली, “चार वर्षांची होती तेव्हापासून तीओ. तिच्या तोंडात दुसरं नावच नव्हतं. स्टुडिओतली माणसं तिला चिडवायची, ए तीओची पुतणी, काकाला सांग पाणी जरा गरम सोड. ती येऊन सांगायची, आम्ही हसायचो.” बोलताना ती स्टोव्हवरच्या घेवड्यात पळी फिरवत होती, मला बसा म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. “त्याने तिला मारली असं लोक म्हणतात. घरी आल्यावर तो मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, रुमाल हलला म्हणून मी उघडलं. रुमाल हलला नसता तर मी रात्रभर उभा राहिलो असतो.”

तीओ. सिग्ने, आरशात म्हणून बघ. ओठ मिटतच नाहीत. आणि त्या तुकड्यात पहिल्याच शब्दाला ओठ घट्ट मिटतात. म्हणजे ती काकाला बोलली नाही. ती पॅट म्हणाली.

घरी येताना मला फार आनंद झाला आणि त्याची लगेच लाज वाटली. मेलेल्या मुलीच्या ओठांचं कोडं सुटलं म्हणून आनंद. पाटी बसली तेव्हाही तो असाच होता.

मग ट्विचेलने बोलावलं. मी कुणाला भेटतेय हे त्याला कळलं होतं. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

“बस, रॅग्ना. कॉफी घे. तू इथे कधीपासून आहेस?”

“तुझ्या आधीपासून.”

“तेच म्हणतोय. तेव्हा त्या बंगलीच्या पडवीत तुम्ही आठ-नऊ बायका टाइपरायटर घेऊन बसायचात. आज कोण राहिलंय? तू. आणि तूही पाट्यांपुरती. आता सिनेमा बोलायला लागला. न्यूयॉर्कहून नाटकवाले गाडी भरभरून येतायत. पाट्या लिहिणाऱ्या बाईची गत दारोदार बर्फ विकणाऱ्यासारखी होणार, घरोघर विजेचं थंड कपाट आल्यावर.”

“मग माझी काळजी कशाला?”

“कारण मी वर जाऊन भांडलोय तुझ्यासाठी. बोलणाऱ्या सिनेमातही ओठ हलतात. परदेशी भाषा त्यांच्यावर बसवायच्या म्हणतायत, मोठा विभाग निघेल. त्यासाठी या गावात तुझ्यासारखी दुसरी नाही. जुलैत करार संपतोय तुझा, पुढची पाच वर्षं मी लिहून घेतो.” मग तो खिडकीकडे वळून म्हणाला, “आणि पॅटला चार पोरं आहेत.”

“मातेओला तीन.”

“मातेओ कोण?” तो म्हणाला. सिग्ने, त्याने मुद्दाम विचारलं नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

तू विचारशील, उठून आलीस का? नाही. कॉफी संपवली. विचार करते म्हणाले. मी सोळा वर्षांपूर्वी डाकोटाहून टपालाने गोष्टी पाठवणारी शाळामास्तरीण होते. पहिली गोष्ट पडद्यावर आली तेव्हा तुला घेऊन मी रेल्वेने सू सिटीपर्यंत गेले होते, आपल्या गावात थिएटर नव्हतं म्हणून. नावं दाखवली त्यात माझं नव्हतं आणि तू रागावून पडद्याकडे बोट दाखवत राहिलीस. पुढे नाव आलं, पुष्कळदा आलं. ते पुन्हा येणार नाही, या विचाराने मला खरंच रात्री जाग येते. मोठ्या प्रश्नासमोर एवढी लहान गोष्ट मनात येते, हे कळूनही येते.

ऑर्डवेला मी होकार दिलाय. साक्ष देईन. तू यायची तयारी दाखवलीस, पण तो म्हणतो, न्यायाधीश बहिऱ्या साक्षीदाराला उभं करणार नाही. तू शपथेवर लिहून दिलेलं पत्र दाखवून बघेल.

रॅग्ना


लॉस एंजेलिस, १९ जून १९२८

सिग्ने,

निकाल काल लागला. तारेने कळवायला हवं होतं, पण तारेत मावेल असं वाक्य मला करता आलं नाही. मातेओ रुएदा दोषी. एक ते दहा वर्षं, नंतर तुरुंगाचं मंडळ ठरवेल किती.

तुझं पत्र त्यांनी घेतलंच नाही. कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, असं न्यायाधीश म्हणाले. त्यामुळे मी एकटी.

ज्युरी निवडताना त्यांनी विचारलं, हा सिनेमा कुणी पाहिला आहे? सगळे हात वर गेले. दुसरी माणसं आणली, त्यांचेही हात वर. पेपरांनी एवढं लिहिल्यावर गावात न पाहिलेला कोण सापडणार? शेवटी न्यायाधीश कंटाळून म्हणाले, पाहिलेलेच चालतील, पुरावा तर सगळ्यांना दाखवायचाच आहे.

पॅट साक्षीला आला तेव्हा त्याने काळी टाय लावली होती. त्याने एल्विराबद्दल चांगलं सांगितलं, आणि ते खरं होतं. रुमालाबद्दल तो म्हणाला, “मी तो काढलाच नाही. मुलीने मला तयार आहे असं सांगायचं, मग मी इशारा द्यायचा. ती तयार आहे असं म्हणालीच नव्हती.” मी त्याच्याकडे पाहत होते. तो खोटं बोलतोय असं मला दिसलं नाही. आता तो स्वतः त्यावर विश्वास ठेवतो, असं मला वाटतं.

मग मी. ओठ कसे वाचतात, ते कुठे शिकले, सगळं सांगितलं. तीओचं सांगितलं. ज्युरीतली एक बाई मान डोलावत होती. नंतर खिडक्या झाकून तुकडा दाखवला. मी यंत्र चालवणाऱ्याला आधीच विनवलं होतं, पाटी येईल तेव्हा भिंगापुढे टोपी धर. त्याने धरली. पडदा काळा झाला, पुन्हा चेहरा आला. सिग्ने, मी ज्युरीकडे पाहत होते. अंधारात पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर होता आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. पाटी झाकलेली होती, तरी ते पाटीवरचंच म्हणत होते. माझा हात नको सोडू. मान डोलावणारी बाईसुद्धा.

मग सरकारी वकील उठला. अगदी सौम्य माणूस.

“मिस हॉगेन, ही पाटी तुम्ही लिहिली?”

“हो.”

“ती मुलीच्या ओठांवर बसते?”

“बसते.”

“चांगली बसते?”

“चांगली.”

“तुमचं कामच ते. ओठांवर बसेल असं वाक्य शोधणं.”

“हो.”

“डिसेंबरात तुम्ही एक शोधलंत. आज तुम्ही आणखी एक घेऊन आलात.”

मी म्हणाले, पहिलं बनवलेलं आहे, दुसरं खरं आहे. तो म्हणाला, “डिसेंबरात तुम्हाला खरं दिसलं होतं?”

इथे मला थांबावं लागलं. ऑर्डवेने आधीच सांगितलं होतं, एकच शब्द बोला, हो किंवा नाही. हो म्हटलं तर खरं दिसूनही मी ते झाकलं, मग माझ्यावर विश्वास का ठेवायचा? नाही म्हटलं तर तेव्हा न दिसलेलं आता कसं दिसतं? मी म्हणाले, “अर्धवट दिसलं होतं.” कोर्टात हसू आलं. एक कुणीतरी फार मोठ्याने हसला. मी खरं तेच सांगितलं होतं, आणि ते इतकं नीट तोलून सांगितलं की त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसरी एखादी बाई ठणकावून ‘नाही’ म्हणाली असती, तर कदाचित मातेओ घरी गेला असता. यावर मी रात्रभर विचार केला. मी खरेपणासाठी थांबले, की स्वतःला खरी समजता यावं म्हणून?

ज्युरी फार वेळ बाहेर नव्हती. नंतर पायऱ्यांवर त्यांचा म्होरक्या, जनावरांचा दाणा विकणारा सज्जन गृहस्थ, माझ्याशी येऊन बोलला. “बाई, तुमच्यावर राग नाही आमचा. पण आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ती काय म्हणते ते.”

बेनिता माझ्याजवळून गेली, थांबली नाही.

रॅग्ना


लॉस एंजेलिस, ३ फेब्रुवारी १९२९

सिग्ने,

तुमच्या थिएटरनेही आवाजाचं यंत्र बसवलं हे वाचलं. ‘तुमच्या सिनेमाला वाचा फुटली, आमचा बंद झाला,’ हे तुझं वाक्य मी ट्विचेलला वाचून दाखवलं असतं, पण आता त्याच्याकडे जाणं होत नाही. जुलैत करार संपला तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्या खुर्चीवरची उशी आणून दिली. तेवढीच माझी होती. दुसऱ्या एका कंपनीसाठी कादंबऱ्या वाचून त्यांचा सारांश लिहिते, नाव न देता. हॅल्वर मला छापखान्यात जागा बघतो म्हणाला, त्याचे आभार मान. अजून ठरवलं नाही.

मी मातेओला भेटून आले. उत्तरेला, रात्रीची गाडी आणि मग होडी. बेनिताकडून निरोप आला होता, तो तुम्हाला बोलावतोय. मला वाटलं, बोल लावायला बोलावलं असेल. त्याची मी तयारी करून गेले होते. झालं ते मात्र ज्याची तयारी नव्हती तेच.

जाळीच्या पलीकडे तो बसला. बारीक झालाय. तिथे धुलाईखान्यात आहे, हात पांढरे पडलेत.

“तुम्ही पाटीवाल्या बाई.”

“हो.”

“कोर्टात नीट पाहिलं नव्हतं तुम्हाला. मान वर करायची हिंमत नव्हती.” मग त्याने घरचं विचारलं, मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. धाकट्याचे दात पडलेत, तो शाळेत जायला लागलाय. मातेओ हसला. मग म्हणाला, “एक विचारायचंय. वकिलाला विचारलं नाही. बेनिताला तर नाहीच.”

“विचारा.”

“इथे महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. जुने आणतात, मुके, स्वस्त पडतात. नाताळाच्या आधी तो आणला. तोच. पहारेकऱ्याने मला म्हटलं, मॅट, तू कोठडीत थांब हवं तर. मी म्हटलं, नाही, बघतो. तिला बघायचं होतं मला. फोटो नाही ना आमच्याकडे तिचा.”

तो जाळीला बोटं लावून बसला होता. पहारेकऱ्याने खूण केली तशी त्याने ती काढली.

“बाई, ती आली. ती म्हणाली, माझा हात नको सोडू. मी नीट बघत होतो. तुम्ही कोर्टात सांगितलेलं सगळं आठवत होतो, गाठीचं, रुमालाचं. पण मला तेच दिसलं. ती तेच म्हणत होती.” आवाज खाली आणून तो म्हणाला, “मग मी रुमाल तरी पाहिला का?”

मी म्हणाले, “पाहिलात.”

“तुम्ही होतात तिथे?”

“नाही.”

“मग कसं सांगता?”

मी त्याला तुझं सांगितलं. म्हटलं, माझ्या बहिणीने पाटी येण्याआधी पाहिलं, पाटीच्या वेळी डोळे मिटले होते. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही, ती ओठ आपल्यासारखे ओझरते बघत नाही. तिने गाठ म्हटलेलं पाहिलं आणि हात हलवू नको म्हटलेलं पाहिलं. तो म्हणाला, “त्यांना विचारा. अजून तसंच दिसतं का. मागे दिसलेलं नको, आता डोळे मिटल्यावर काय दिसतं ते. मी तेच खरं धरून चालेन.”

वेळ संपली. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही, तिथे तशी मुभा नसावी.

सिग्ने, तू तेव्हा लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे, त्यातली ओळ त्याला उतरवून पाठवता आली असती. पण त्याने ते मागितलं नाही. सिनेमा आता कुठे लागणार नाही, पुन्हा जाऊन बघता येणार नाही. म्हणून तुझ्याच आठवणीवर सगळं आहे. घाईने लिहू नकोस. माझ्यासाठी किंवा त्याच्यासाठी म्हणून लिहू नकोस. एकटी बस, ती मुलगी डोळ्यांसमोर आण, ती काय म्हणते ते बघ आणि कळव.

मला विचारू नकोस. मी रोज बघते. ओले केस, खांब, वर वळलेली नजर, सगळं स्पष्ट आहे. पण ती आता फक्त माझंच वाक्य बोलते.

रॅग्ना